ज्यांच्यावर औषध चाललं नाही, त्यांचीही फाइल उघडा

कर्करोगाच्या इम्युनोथेरपीवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ, त्या औषधांच्या चाचण्या आखणारे डॉक्टर आणि त्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

दादाच्या कर्करोगाच्या औषध-चाचणीच्या फाइलच्या शेवटच्या पानावर निळ्या पेनाने दोनच अक्षरं लिहिलेली आहेत : 'पीडी'. त्याआधीचे कित्येक महिने आमच्या घरात पीडी-वन, पीडी-एल-वन, म्हणजे औषध ज्यांच्यावर काम करतं त्या रेणूंशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यामुळे मला वाटलं, औषधाचंच काहीतरी लिहिता लिहिता राहून गेलंय. तसं विचारलंही. रिसर्च कोऑर्डिनेटर बाई पानावरून मान वर न करता म्हणाल्या, "नाही, ते प्रोग्रेसिव्ह डिसीज. म्हणजे आजार वाढला. आजपासून पेशंट ऑफ-स्टडी." ज्या रेणूवर आमची सगळी भिस्त होती त्याचं नाव आणि ती भिस्त संपल्याची नोंद, दोन्ही एकाच दोन अक्षरांत मावतात. तुमच्या लक्षात हे कधी आलंय का, कोणास ठाऊक.

ऑफ-स्टडी, म्हणजे चाचणीबाहेर. पण संबंध अगदीच तुटला असं नाही. दर तीन महिन्यांनी फोन यायचा. प्रश्न "पेशंट कसे आहेत?" असा असायचा, पण उत्तर एका शब्दात हवं असायचं : आहेत की नाहीत. तिसरा फोन आला तेव्हा दादा जाऊन अकरा दिवस झाले होते. पलीकडच्या मुलीने 'सॉरी' म्हटलं, मनापासून म्हटलं असावं, आणि विचारलं, "तारीख सांगता का?" मी सांगितली. तिने ती परत म्हणून खात्री करून घेतली. किती जण हयात आहेत ते दाखवणाऱ्या तुमच्या आलेखातली रेघ तिथे एक पायरी खाली उतरली असेल.

तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. आमच्याशी कोणी वाईट वागलं नाही, कोणी फसवलं नाही. संमतीपत्राचं एकेक पान समजावून सांगितलं होतं. औषध चाललं नाही, एवढंच. पण दादा गेल्यावर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं, आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. औषध न चालणारी माणसं हा अपवाद नाही, तोच बहुमताचा पक्ष आहे. इम्युनोथेरपीच्या ज्या मोठ्या गटाला 'चेकपॉइंट इनहिबिटर' म्हणतात, त्याबद्दल अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये एक हिशेब मांडला. २०१८ साली तिथल्या सुमारे ४४ टक्के कर्करुग्णांना ही औषधं देता येण्याजोगी होती, पण प्रत्यक्षात गाठ आकसण्याचा फायदा सुमारे १२ टक्क्यांनाच होईल, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ज्यांना औषध देता येतं अशा चारांपैकी जवळजवळ तिघांवर ते चालत नाही. तुमची व्याख्यानं आणि बातम्यांचे मथळे मात्र त्या चौथ्याबद्दल असतात.

मला त्या तिघांबद्दल बोलायचं आहे.

दादा मोटर रिवाइंडिंग करायचा. पंपाच्या, गिरणीच्या, कॉम्प्रेसरच्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडे यायच्या. नवा मुलगा कामाला लागला की तो पक्कड घेऊन थेट जुनी तार उपसायला लागायचा, आणि दादा त्याच्या हातावर फटका मारायचा. "आधी बघ. जळालेलं वाइंडिंग खोटं बोलत नाही." एखाद-दुसऱ्या फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि बाकीच्या कोऱ्या असतील, तर लाइनमधली एक फेज गेलेली असणार. सगळ्याच सारख्या करपल्या असतील, तर मोटरवर लोड जास्त होता. एकाच जागी ठिपका असेल, तर तारेच्या वेढ्यांमधलं इन्सुलेशन फुटलं. कारण न बघता नवी तार भरलीस तर गिऱ्हाईक महिन्याभरात परत येईल, आणि तेही शिव्या देत.

हा माणूस तुमच्या चाचणीत आला. फुप्फुसाचा कर्करोग, चौथी स्टेज. सुरुवातीला गाठीचा तुकडा काढून तपासला. पीडी-एल-वन साठ टक्के आलं. आम्ही सगळे खूश, कारण साठ टक्के म्हणजे बरं व्हायचा साठ टक्के चान्स असंच आम्ही धरून चाललो. खरा अर्थ असा, की गाठीतल्या शंभरातल्या साठ पेशींच्या पृष्ठभागावर तो रेणू दिसतो. हा फरक आम्हाला कळायला दोन महिने गेले. तुमच्याच क्षेत्रातली २०१६ साली प्रसिद्ध झालेली पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-वनवरच्या औषधाची मोठी चाचणी सांगते, की फुप्फुसाच्या ज्या रुग्णांत हा आकडा पन्नासच्या वर होता, त्यांतल्या शंभरापैकी साधारण ४५ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, आणि पाच वर्षांनी सुमारे ३२ जण हयात होते. नुसत्या केमोने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे १६. दुप्पट! हे काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे असं, माणसं मोजून, आम्हाला कोणी सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं असतं. दादा हिशेबाचा माणूस होता.

दुसरा गैरसमज आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांचा होता, आणि अजूनही असेल : इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' औषध. प्रत्यक्षात ही औषधं काही वाढवत नाहीत, ब्रेक सोडवतात. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशी, शत्रूला ओळखून चालून जातात, पण त्या आपल्याच अवयवांवर उलटू नयेत म्हणून त्यांच्यावर पीडी-वनसारखे ब्रेक बसवलेले असतात. कर्करोगाची पेशी आपल्या अंगावरच्या पीडी-एल-वनने नेमका तो ब्रेक दाबून धरते. औषध मध्ये हात घालून दाब काढतं. (पीडी म्हणजे 'प्रोग्रॅम्ड डेथ'. जपानमधल्या क्योतोत होन्जो या शास्त्रज्ञांच्या चमूला १९९२ साली हे जनुक पेशींच्या मरणाचा शोध घेताना सापडलं म्हणून ते नाव पडलं. पुढे कळलं, की हा तर ब्रेक आहे. नाव तेच राहिलं.) ब्रेक सोडवायचं औषध म्हटलं, की ते कधी न चालण्याची कारणंही डोळ्यांसमोर येतात. गाडीच जागेवर नसेल तर? इंजिन केव्हाच बंद पडलं असेल तर? ब्रेक दुसराच कुठला तरी लागला असेल तर?

तिसऱ्या डोसनंतर दादाच्या पाठीवर आणि दंडांवर पुरळ उठलं. रात्रभर खाजवायचा. ड्रिप लावणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "चांगलं लक्षण असतं म्हणे. औषध काम करतंय." त्या खोटं बोलल्या नाहीत. असे दुष्परिणाम दिसलेल्या रुग्णांत औषधाचा फायदाही जास्त दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण तो सरासरीचा कल झाला, एकट्या माणसाचं भविष्य नव्हे. दादा मात्र त्या खाजेवर खूश होता. वहिनी मलम लावायला गेली की म्हणायचा, राहू दे, काम चाललंय आत.

नवव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, लगेच निष्कर्ष काढायला नको. कधी कधी टी-पेशी गाठीत घुसतात म्हणूनही ती आधी फुगते आणि मग बसते. चार आठवड्यांनी परत बघू. ते चार आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. खोकला वाढला की मी मनात म्हणायचो, सैन्य पोचलं. दुसऱ्या स्कॅनमध्ये यकृतावर दोन नवे ठिपके होते.

त्या चार आठवड्यांमागचा इतिहास मी नंतर वाचला. ट्रेमेलिमुमॅब नावाचं औषध होतं, टी-पेशींचा दुसरा ब्रेक, सीटीएलए-फोर, सोडवणारं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरची त्याची मोठी चाचणी २००८ साली अर्ध्यातच थांबवली, कारण केमोपेक्षा फायदा दिसेना. जवळपास तसंच काम करणारं इपिलिमुमॅब दुसऱ्या चाचणीत होतं. तिथल्या लोकांनी गाठीचा आकार बाजूला ठेवला आणि माणूस किती जगतो हे मोजायचं ठरवलं. २०१० साली निकाल आला : तुलनेच्या गटात मध्यक आयुष्य ६.४ महिने, इपिलिमुमॅब घेतलेल्यांत १०.१. पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या सगळ्या पर्वाला तोंड फुटलं. गाठ आधी वाढून मग आकसलेले रुग्ण कोणीतरी बारकाईने पाहिले, त्यांची फाइल 'पीडी' लिहून मिटवली नाही, म्हणून २००९ मध्ये मोजमापाचे नवे निकष मांडले गेले आणि 'चार आठवड्यांनी परत बघू' हे वाक्य जन्माला आलं. दादाला त्या वाक्याचा उपयोग झाला नाही, पण कोणाला तरी झाला असणार. मला सांगायचंय ते एवढंच, की हे वाक्य तुम्हाला फसलेल्या वाटणाऱ्या फाइलींनी दिलंय.

खरं तर तुमच्या शास्त्राचा जन्मच अशा फाइलीतून झाला. १८९१ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली या तरुण सर्जनची एक कोवळ्या वयाची रुग्ण सार्कोमाने, म्हणजे हाडाच्या कर्करोगाने, दगावली. हात कापूनही काही झालं नाही. कोलीला ते लागलं. त्याने इस्पितळाचे जुने कागद उपसायला घेतले आणि त्यात त्याला सात वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली. स्टाइन नावाच्या रुग्णाच्या मानेवरची गाठ परत परत काढूनही येत होती. मग त्याला धावरं झालं, त्वचेचा जिवाणूजन्य संसर्ग. अंग तापलं, आणि गाठ गेली. कागदावर एवढंच होतं. पुढे त्या माणसाचं काय झालं याची नोंद नव्हती. कोलीने काय केलं? तो गरीब वस्तीतल्या चाळीवजा घरांचे जिने चढत, दारं ठोठावत त्याला शोधत फिरला. आणि तो सापडला. मानेवर व्रण होता, गाठ नव्हती. त्यानंतर कोलीने रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचून बघायला सुरुवात केली.

कोलीचा मी भक्त नाही. त्याची मिश्रणं दर वेळी वेगळी असायची, नोंदी विस्कळीत असायच्या. वरिष्ठांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही याला त्यांच्या बाजूनेही कारणं होती, आणि रेडिएशन आल्यावर त्याची पद्धत मागे पडली ती पडलीच. त्याची मुलगी हेलन कोली नॉट्स हिने नंतर वर्षानुवर्षं बसून बापाच्या शेकडो रुग्णांची माहिती जुळवली आणि १९५३ मध्ये कर्करोग व प्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. एक माणूस मेलेल्या रुग्णामुळे कागद उपसतो, आणि त्याची मुलगी तेच कागद परत उपसते. तुमच्या घराण्याचा हा मूळपुरुष आहे. 'तारीख सांगता का?' एवढ्यावर फोन ठेवणारा तो नव्हता.

आता दोन रुग्णांबद्दल सांगतो. तुमच्यातल्या अनेकांना ही प्रकरणं माहीत आहेत, पण ती शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिली आहेत की नाही, कल्पना नाही.

दोघांवरही सीएआर-टी उपचार झाले होते. रुग्णाच्या टी-पेशी रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक बनवलेलं जनुक घालायचं, म्हणजे त्यांना सीडी१९ नावाची खूण असलेल्या पेशी ओळखता येतात, आणि मग त्या परत अंगात सोडायच्या. या उपचारातली एमिली व्हाइटहेड सगळ्यांना ठाऊक आहे : २०१२ साली, सहा वर्षांची असताना, मरणाच्या दारातून परत आलेली. मी म्हणतोय ती दोन माणसं बिननावाची आहेत.

पहिल्याला दीर्घकालीन ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता. पेशी दिल्या, फारसं काही झालं नाही. परत दिल्या, तरी बराच काळ विशेष काही नाही. साधारण कोणत्याही चाचणीत अशा माणसाच्या नावापुढे काट मारून लोक पुढे गेले असते. आणि मग, उशिरा, त्याचा आजार साफ गेला. रक्ताचे नमुने ठेवलेले होते म्हणून कारण शोधता आलं. सुधारणा शिगेला असताना त्याच्या एका प्रकारच्या सीएआर-टी पेशींपैकी ९४ टक्के एकाच पेशीची पिलावळ होती. बाहेरून घातलेलं जनुक त्या एका पेशीत योगायोगाने टीईटी२ नावाच्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसलं होतं, आणि त्यामुळे ती पेशी भराभर वाढत गेली. एक पेशी!

दुसऱ्याचा ल्युकेमिया गेला होता, तो नऊ महिन्यांनी परतला. परतलेल्या कर्करोगाच्या पेशींवर सीडी१९ दिसेचना. शोध घेतल्यावर जे निघालं ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. पहिल्यांदा टी-पेशी काढल्या तेव्हा त्यांच्यात कर्करोगाची एक पेशी मिसळून आली होती. प्रयोगशाळेत तिच्यातही तेच जनुक शिरलं. मारणाऱ्याचं हत्यार तिच्या हाती आलं, आणि तिने ते स्वतःच्याच सीडी१९ वर झाकणासारखं ठेवलं. आता तिला ओळखणार कोण? तो माणूस तिच्या पिलावळीने गेला. इथेही एकच पेशी.

दोन्ही शोधनिबंध २०१८ चे. एकातून कळलं, पेशी जोमदार कशा करता येतील. दुसऱ्यातून कळलं, पेशी तयार करताना काय निवडून बाहेर काढायलाच हवं. मला विचाराल तर दुसऱ्या निबंधाने अधिक माणसं वाचतील. पण दुसऱ्याची गोष्ट सभागृहात टाळ्या घेत नाही. ती सांगायची म्हणजे आधी सांगावं लागतं, की माणूस गेला, आणि आपण केलेल्या कामातल्या अपघाताने गेला. ज्यांनी ते छापलं त्यांना माझा मनापासून नमस्कार आहे.

असंच आणखी एक. २०१६ मध्ये मेलानोमाच्या चार रुग्णांवर एक निबंध आला. चौघांनाही पेम्ब्रोलिझुमॅब लागू पडलं होतं आणि सरासरी दीडदोन वर्षांनी आजार परतला होता. परतलेल्या गाठीचा तुकडा काढून आधीच्या तुकड्याशी ताडून पाहिला. दोघांच्या गाठींत जेएके१ किंवा जेएके२ हे जनुक निकामी झालेलं होतं. टी-पेशींनी दिलेला 'मर' हा संदेश गाठीला ऐकूच येत नव्हता. तिसऱ्याच्यात बी२एम बिघडलं होतं, म्हणजे पेशीने आपलं ओळखपत्र टी-पेशींना दाखवणंच बंद केलं होतं. चौथ्याचं कारण सापडलं नाही. चार माणसं, आठ तुकडे, आणि तीन उत्तरं! दादाच्या भाषेत, एका मोटरची फेज गेलेली, दुसरीचं इन्सुलेशन फुटलेलं. आणि ज्यांच्यावर औषध पहिल्यापासूनच चालत नाही, त्यांच्यातही किती परी : कोणाच्या गाठीत टी-पेशी फिरकलेल्याच नसतात, कोणाच्या गाठीच्या कडेला रांग लावून ताटकळत उभ्या असतात, कोणाच्या आत शिरलेल्या असतात पण दमून निकामी झालेल्या. तिन्हींवर उपाय वेगळे असणार. तुमच्या फॉर्मवर तिन्हींना 'पीडी'.

दुसऱ्या स्कॅननंतर दादाने डॉक्टरांना स्वतःहून विचारलं, "आता परत तुकडा काढणार ना?" डॉक्टर म्हणाले, गरज नाही. दादा म्हणाला, "मला नाही हो, तुम्हाला. का चाललं नाही ते बघायला." डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "ते प्रोटोकॉलमध्ये नाहीये."

मी हे पत्र लिहितोय ते त्या एका वाक्यासाठी.

तुमच्या अडचणी मी समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. खालावलेल्या माणसाच्या फुप्फुसात परत सुई घालणं सोपं नाही, फुप्फुस बसण्याचा धोका असतो, आणि ज्यातून त्या माणसाला काडीचा फायदा नाही त्यासाठी त्याला त्रास द्यायचा का, हा प्रश्न समितीने विचारलाच पाहिजे. पण तो प्रश्न त्या माणसालाही विचारायला हवा. 'नाही' म्हणायचा हक्क त्याचा आहे, तसा 'हो' म्हणायचाही. सगळ्यांच्याच गाठी खोल नसतात. मानेतली, काखेतली गाठ असेल तर सुई सोपी. रक्तात वाहत येणारे कर्करोगाच्या डीएनएचे तुकडेही बरंच काही सांगतात. आणि ब्रिटनमध्ये 'पीस' नावाच्या अभ्यासात तर रुग्णाने जिवंतपणी दिलेल्या संमतीने मृत्यूनंतर लगेच नमुने घेतात. हे लिहिताना माझा हात अडखळला. दादाला विचारलं असतं तर त्याचा अडखळला नसता.

नमुने घेतले नाहीत, की काय होतं त्याचं उदाहरणही तुमच्याच घरातलं आहे. एपॅकाडोस्टॅट नावाची गोळी होती, गाठीतलं एक एन्झाइम रोखणारी. पीडी-वनच्या औषधाच्या जोडीला ती द्यायची. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत, जिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, आकडे झकास दिसले, आणि सगळे त्या दिशेने धावले. ७०० हून जास्त मेलानोमा रुग्णांची मोठी चाचणी झाली. २०१८ च्या एप्रिलमध्ये निकाल आला : गोळीने काहीही फरक पडत नाही. त्याच वर्गातल्या औषधांच्या इतर चाचण्याही मग पटापट गुंडाळल्या गेल्या. गोळीची मात्रा पुरेशी होती का, ज्यांच्या गाठीत ते एन्झाइम नव्हतंच त्यांनाही ती दिली गेली का, हा वाद नंतर रंगला. नंतर! तार भरून झाल्यावर.

एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. राल्फ स्टाइनमन यांचंच बघा. टी-पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी शोधणारा हा माणूस. स्वतःला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्यावर आपल्याच पेशींच्या लशी करून घेतल्या आणि साडेचार वर्षं जगला. २०११ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्याला जाऊन तीन दिवस झाले होते. लशींनी आयुष्य वाढलं की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणूनच एकेकट्याच्या गोष्टींपेक्षा गोळा केलेल्या नमुन्यांना किंमत आहे. स्वादुपिंडावरच्याच एमआरएनए लशीची छोटी चाचणी २०२३ मध्ये छापून आली : १६ रुग्ण, ८ जणांच्या अंगात लशीला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी तयार झाल्या, ८ जणांच्या नाही. बातम्या पहिल्या आठांच्या झाल्या. मला दुसऱ्या आठांबद्दल वाचायचं आहे.

बातम्यांचं निघालंच आहे तर सांगतो. दादाचे उपचार चालू असताना, २०२२ च्या जूनमध्ये, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच दिवशी पाच जणांनी एकच बातमी टाकली : नव्या औषधाने शंभर टक्के रुग्ण कर्करोगमुक्त. त्याच रात्री एका मावशीचा फोन, "अरे, मग आपल्याला हे का देत नाहीत?" ते औषध डोस्टार्लिमॅब. रुग्ण बारा होते, बाराही जणांची गाठ खरोखर दिसेनाशी झाली होती, आणि बाराही जणांना गुदाशयाचा, डीएनएची दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेला कर्करोग होता. गुदाशयाच्या कर्करोगात तो प्रकार शंभरात पाच-दहांचा. अशा गाठीत इतक्या चुका साठतात की टी-पेशींना ती चटकन परकी वाटते, म्हणून औषध इतकं चाललं. हे शेवटचं वाक्य बातमीत घालायला फार जागा लागत नाही. तुमच्या संस्थांची प्रसिद्धिपत्रकं मी नंतर वाचून पाहिली. हे वाक्य बहुतेकदा असतं, पण चौथ्या परिच्छेदात. ते वर घ्या. मावशीला फोनवर समजावून सांगताना माझी जी त्रेधा उडाली, ती दुसऱ्या कोणाची तरी वाचेल.

आणि एक शब्द बदला. "पेशंट फेल्ड ऑन इम्युनो" असं एक डॉक्टर दुसऱ्याला दादासमोर म्हणाले. दादाचं इंग्रजी बेताचंच, पण 'फेल' त्याला कळत होतं. बाहेर आल्यावर हसून म्हणाला, "दहावीनंतर परत नापास." नापास औषध झालं होतं.

मागणं फार नाही. चाचणीचा आराखडा लिहितानाच औषध चाललं नाही तर काय तपासायचं, हे पहिल्या दिवशी लिहा आणि त्याचे पैसे बाजूला काढा. मंजुरी देणाऱ्यांनी ते पान नसेल तर आराखडा परत पाठवा. रुग्णाला विचारा. निकाल लागला की, वाईट असला तरी, भाग घेतलेल्यांच्या घरी साध्या भाषेत एक पानाचं पत्र पाठवा. दादाच्या चाचणीचं शेवटी काय झालं, हे आम्हाला आजपर्यंत कोणी कळवलेलं नाही. इंटरनेटवरच्या नोंदणीत तिच्यापुढे 'पूर्ण' एवढाच शब्द आहे.

दादाच्या पहिल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक तुमच्यापैकीच कोणाच्या तरी पॅथॉलॉजीच्या कपाटात आहे. दर डोसाआधी काढलेल्या रक्ताच्या नळ्याही असतील. पुरळ उठलं त्या आठवड्यातली नळीही त्यात असणार, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दुसरा तुकडा नाही, पण आहे त्यातूनही काही निघेल. त्याचा स्टडी नंबर मला पाठ आहे, ब्लॉकचा नंबर वहिनीच्या वहीत आहे. संमती लागली तर सही ती करेल, आमचं बोलणं झालेलं आहे. फोन दुपारी दोननंतर करा. सकाळी ती वर्कशॉपमध्ये असते आणि मोटर चालू असली की तिला रिंग ऐकू येत नाही.

कळावे,

आपला,
एका ऑफ-स्टडी पेशंटचा धाकटा भाऊ